बोट उचलण्याची वेळ

"लेका, तुझा सूर सुटतच न्हाई. माझ्या चाटंवर येऊन बसतोय बघ."

ढोलकीवाले मामा हे बोलले तो २००५ सालचा गणेशोत्सव होता. सांगलीजवळच्या एका गावातला कार्यक्रम, मध्यंतर झालेलं, आम्ही स्टेजमागे चहा घेत उभे. मामा साठीच्या पुढचे. आधी तमाशाच्या फडात आणि मग ऑर्केस्ट्रात मिळून चाळीस वर्षं त्यांनी ढोलकी वाजवलेली. मी पंचविशीचा, नुकताच मुंबईहून जुना कॉर्ग ट्रायटन घेऊन आलेला. पतपेढीचं कर्ज फिटायचं होतं. त्या रात्री मी ट्रायटनचा आर्पेजिएटर पहिल्यांदा स्टेजवर लावला होता आणि समोरच्या माणसांनी असलं काही कधी ऐकलंच नसेल, या आनंदात होतो.

"मामा, टेम्पो बरोबर आहे. मशीन चुकत नाही," मी म्हणालो.

"चुकतंय म्हटलंच न्हाई मी. उशिरा सोडतंय म्हटलं."

मध्यंतरानंतर मी आर्पेजिएटर बंदच ठेवला. दुसऱ्या दिवशी साउंडवाल्यानं मिक्सरवरून भरून दिलेली कॅसेट घरी लावली आणि तेव्हा मामांचं म्हणणं कानाला कळलं. माझे सूर एकामागून एक नेमके पडत होते, पण पुढचा आला तरी मागचा निघून जात नव्हता. ढोलकीच्या चाटेवरचा, म्हणजे पुडीच्या काठावरचा, प्रत्येक टणत्कार त्या दाट चिखलातून वर येत होता. शिवाय मैदानापलीकडे शाळेची इमारत होती, स्टेजपासून पन्नासेक मीटरवर. तिथपर्यंत जाऊन परत यायला आवाजाला जवळजवळ सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. म्हणजे कॅसेटमध्ये ऐकू येतं त्याच्याही वर, मैदानात प्रत्येक सुराची एक शिळी प्रत फिरत असणार.

ज्यांनी कीबोर्ड जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डला लोक सर्रास कॅसिओ म्हणतात, आणि त्यातलं बटण दाबलं की ताल वाजतो एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. आर्पेजिएटर वेगळा. तुम्ही सा, ग, प अशी तीन बोटं धरून ठेवलीत की तो ते सूर एकत्र न वाजवता सुटे करून, ठरलेल्या लयीत, एकामागून एक वाजवत राहतो. खालून वर, वरून खाली, जाऊन येऊन, नाहीतर कसेही विखरून. सप्तक वाढवलं की सा ग प सां गं पं असा वर चढत जातो. आपल्याकडे पेटीवर किंवा गळ्यानं अलंकार घोटतात, तसाच हा अलंकार; फक्त घोटणारा दमत नाही. बोटं धरून ठेवायचाही कंटाळा आला तर लॅच नावाची सोय असते. एकदा कॉर्ड दाबून हात काढून घेतला तरी यंत्र चालूच राहतं.

यात चार गोष्टी ठरवाव्या लागतात. कोणते सूर, कुठल्या क्रमानं, किती वेगानं, आणि प्रत्येक सूर किती वेळ. पहिल्या तिन्हींकडे सगळ्यांचं लक्ष जातं, माझंही गेलं होतं. चौथ्या गोष्टीला ट्रायटनवर गेट म्हणतात. तिच्यासाठी पुढच्या बाजूला चक्क एक वेगळा नॉब आहे, टेम्पोच्या नॉबशेजारीच. दोन महिने तो माझ्या हाताखाली होता आणि मी त्याला बोट लावलेलं नव्हतं.

गेट म्हणजे दोन सुरांमधल्या अंतराचा किती भाग सुरानं व्यापायचा, त्याची टक्केवारी. लय १२० असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे ५०० मिलिसेकंदांची. मात्रेत चार सूर बसवले तर प्रत्येकाच्या वाट्याला १२५. गेट शंभर असेल तर पुढचा सूर येईपर्यंत मागचा दाबलेलाच राहतो. पन्नास असेल तर साडेबासष्ट मिलिसेकंद सूर आणि तेवढीच उसंत. वीस असेल तर पंचवीस मिलिसेकंदांचा नुसता टिंब.

त्या आठवड्यात मी रात्री हेडफोन लावून बसायचो. एकच कॉर्ड, एकच लय, आणि गेटचा नॉब हळूहळू शंभरावरून खाली. ऐंशीपर्यंत फारसं काही होत नाही, सूर एकमेकांना चिकटूनच असतात. सत्तरच्या आसपास त्यांच्यामध्ये उजेड पडायला लागतो. पन्नासला लय ऐकू येते. हे मला फार नवलाचं वाटलं, कारण लय मी कुठेही बदललेली नव्हती. वेग तोच, सूर तेच. तरी पन्नासच्या खाली गेल्यावर पायानं ठेका धरला. तिसाला तोच पॅच, म्हणजे यंत्रात निवडलेला आवाज, चिपळ्यांसारखा कोरडा होतो आणि दहाला सुराची ओळखच पुसते, उरतो फक्त आघात. मी वर्षानुवर्षं लय म्हणजे सूर कधी सुरू होतो ते, असं धरून चाललो होतो. तो कधी संपतो यानं लय घडते, ही गोष्ट मला यंत्रानं शिकवली.

खरं तर यंत्राच्या आधी ती घरात शिकवलेली होती. बाबा मिरजेच्या एका भजनी मंडळात पेटी वाजवायचे. पेटीचा सूर सतारीसारखा आपोआप विरत नाही. भात्यात हवा आहे आणि पट्टी दाबलेली आहे तोवर तो तसाच, तेवढाच वाजत राहतो. त्यामुळे पेटीत सुराचा शेवट पूर्णपणे बोटाच्या हाती. लहानपणी मी अलंकार वाजवायला बसलो की बाबा स्वयंपाकघरातून ओरडायचे, "बोट उचल!" पुढच्या पट्टीवर बोट पडलं तरी मागचं माझ्याकडून सुटायचं नाही, आणि दोन सूर क्षणभर एकमेकांत घुसायचे. त्या वयात ती मला उगाचची शिस्त वाटायची. वीस वर्षांनी मामांनी दुसऱ्या शब्दांत तेच सांगितलं.

गेटचा नॉब सापडला म्हणजे प्रश्न सुटला असं मात्र झालं नाही. पुढच्याच कार्यक्रमात मी घंटेसारखा चमकदार पॅच घेतला, गेट तिसावर आणलं, आणि आवाज पहिल्याइतकाच दाट. नॉब फिरवतोय, काही फरक नाही. मला वाटलं नॉबच बिघडला. कारण कळायला बराच वेळ गेला, आणि मला वाटतं ते प्रत्येक कीबोर्डवाल्यानं पहिल्या महिन्यातच समजून घ्यावं. गेट फक्त बोट उचलतं. बोट उचलल्यावर सूर किती वेळ रेंगाळायचा हे पॅचच्या आत लिहिलेलं असतं, त्याला रिलीज म्हणतात. घंटेच्या पॅचमध्ये रिलीज दोन-तीन सेकंदांचा असू शकतो. तिथे बोट तीस मिलिसेकंदांनी उचला नाहीतर शंभर, घंटा वाजतच राहणार. आधी रिलीज कापावा लागतो, मगच गेटला अर्थ येतो. त्यात आणखी एक गोम आहे. ट्रायटन एका वेळी बासष्टच सूर वाजवू शकतो. लांब रिलीजचे सूर ढिगानं साठत गेले की नव्या सुराला जागा करून द्यायला यंत्र जुन्यातला एखादा मध्येच तोडतं, आणि तो कुठला तोडेल हे आपल्या हातात राहत नाही.

उलट बाजूची चूकही मी केली. व्हायोलिनच्या पॅचला गेट वीस लावलं तर ऐकूच येईना. ते सूर फुलून यायलाच दीडशे-दोनशे मिलिसेकंद घेतात. पंचविसाव्या मिलिसेकंदाला बोट उचललं तर सूर जन्मायच्या आधीच गेला. म्हणून आता कुठलाही नवा पॅच घेतला की मी आधी एकच पट्टी दाबून सोडून पाहतो. उगवायला किती वेळ, मावळायला किती वेळ. हे कळल्याशिवाय आर्पेजिएटर लावत नाही.

मग वेगाचा हिशोब. गेट टक्क्यांत असतं, पण रिलीज आणि खोलीचा घुमारा घड्याळाच्या वेळेत. गाणं ९६ च्या लयीत असेल तर मात्रेच्या चौथ्या हिश्शाला साधारण १५६ मिलिसेकंद मिळतात. गेट पन्नास ठेवलं तर ७८ मिलिसेकंदांची उसंत. पॅचचा रिलीज सत्तर असेल तर सूर विरून जातो आणि पुढच्याच्या आधी अगदी थोडी मोकळी जागा राहते. आता गाणं रंगलं, लय १३२ वर गेली. तोच चौथा हिस्सा ११४ वर आला, उसंत ५७ ची झाली, आणि सत्तरचा रिलीज पुढच्या सुराच्या अंगावर चढला. टक्का तोच, पण मोकळी जागा नाहीशी. लय चढली की गेट एकतीसपर्यंत खाली आणावं लागतं, तेव्हा कुठे आधीचा मोकळेपणा परत मिळतो. लावणीच्या शेवटी ढोलकी दुगुनीकडे निघाली की माझा डावा हात आपोआप गेटच्या नॉबवर जातो, तो यामुळे.

स्टेजवर यंत्राला लय सांगणारं कुणी नसतं, हाही अनुभव फार शिकवणारा. स्टुडिओत संगणक मिडीवरून, म्हणजे वाद्ययंत्रांच्या आपसातल्या भाषेतून, दर मात्रेला चोवीस ठोके पाठवतो आणि सगळी यंत्रं त्यावर चालतात. मामांच्या ढोलकीतून असले ठोके येत नाहीत. त्यांची लय जिवंत, अंतऱ्यात किंचित पुढे झुकणारी, मुखड्यावर परत येताना बसणारी. आर्पेजिएटर आपला जागच्या जागी. चार आवर्तनांत दोघं सुटे होतात. यावर मी उपाय काढला. यंत्रात की सिंक नावाची सोय असते. सगळी बोटं उचलून पुन्हा कॉर्ड दाबली की पॅटर्न पहिल्यापासून सुरू होतो. मग मी दर समेला कॉर्ड नव्यानं दाबायला लागलो, आणि त्यासाठी समेच्या आधी एक केसभर हात पूर्ण उचलायला. लवकर उचलला तर भोक पडतं. उशिरा उचलला, एखादं बोट चिकटून राहिलं, तर पॅटर्न नव्यानं सुरूच होत नाही. यंत्र घेतल्यानंतरही बाबांची आरोळी मागे लागलेलीच होती.

याच काळात एकदा मिरजेत एका सतारमेकरांच्या दुकानात बसलो होतो. मिरजेत हा धंदा एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेला. हत्यारं करणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तंबोरे आणि सतारी घडवायला घेतल्या आणि पुढे देशभरातले गवई वाद्यांसाठी मिरजेला येऊ लागले. दुकानातले चाचा तंबोऱ्याची जवारी काढत होते. जवारी म्हणजे घोडीचा पृष्ठभाग असा घासायचा की तार त्याला स्पर्श करत करत थरथरली पाहिजे. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा असतो, जिवा. चाचा तो दोरा नखानं रेसभर पुढे सरकवायचे, तार छेडायचे, डोळे मिटून ऐकायचे. एका जागी तार नुसतीच टण करून मरते. थोडं पुढे गेलं की तोच आघात फुलत जातो आणि कितीतरी वेळ हवेत उभा राहतो. त्या मधल्या जागेचा शोध तासभर चालला होता.

"छेडणं काय, पोरगंपण छेडतं," चाचा म्हणाले. "मागं काय राहतं त्याचे पैसे घेतो आम्ही."

सुराच्या त्या मागे राहण्याला आपल्याकडे आस म्हणतात. तंबोऱ्यात ती जितकी जास्त तितकी चांगली. माझ्या आर्पेजिएटरमध्ये ती जितकी मोजकी तितकी चांगली. पण दोन्हीकडे काम एकच, आघातानंतरच्या वेळाचं. त्या दिवशी घरी येऊन मी ट्रायटनच्या मेन्यूत शिरलो तेव्हा पॅरामीटर शोधतोय असं वाटलं नाही, दोरा सरकवतोय असं वाटलं.

जुन्या यंत्रांत हा दोरा सरकवायची सोयच नव्हती. रोलंडचा ज्युपिटर-८ हा १९८१ चा, जूनो-६० हा १९८२ चा. दोन्हींत आर्पेजिएटर आहे. जूनोवर दिशा, सप्तक आणि वेग एवढंच ठरवता येतं. गेटचा नॉबच नाही. सूर आखूड करायचा तर पॅचच्या आतच सुराची घडण बदलायची, म्हणजे दाबून धरला तरी तो स्वतःहून लगेच विरेल अशी. १९८२ मध्येच मुंबईच्या चरणजित सिंग यांनी ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही तीन रोलंड यंत्रं जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीनं ती तबकडी काढली. हिंदी चित्रपटसंगीतात गिटार वाजवणारा हा वादक. तबकडी तेव्हा फारशी कुणाच्या लक्षात आली नाही आणि २०१० मध्ये ती पुन्हा निघाल्यावर जगभर तिची चर्चा झाली. ॲसिड हाउस नावाचा प्रकार शिकागोत रुजायच्या काही वर्षं आधीचं हे काम म्हणून तिचं कौतुक होतं. ते योग्यच आहे. मी मात्र ती ऐकतो ती खालच्या बेससाठी. एकाच साच्यात सलग पळणारे सूर आणि त्यावर भैरवाचे, ललताचे स्वर मोकळे धरलेले. खालचे सूर आखडून घेतले म्हणूनच वरच्या रागाला श्वास मिळाला, असं माझं ठाम मत आहे. दोन्हीकडचे सूर लांब असते तर रागही दिसला नसता आणि ठेकाही.

मिडी आलं १९८३ मध्ये. मिडी शिकताना एक गोष्ट कळली आणि मी पुस्तक खाली ठेवून बसून राहिलो. मिडीच्या त्या मूळ भाषेत सुराची लांबी नावाचा शब्दच नाही. 'हा सूर चालू' असा एक निरोप जातो आणि नंतर कधीतरी 'हा सूर बंद' असा दुसरा. मधल्या वेळाची नोंद कुणीच ठेवत नाही. वाजवणारं यंत्र सूर चालू करताना तो किती वेळ चालेल हे जाणत नसतं, ते फक्त बंदच्या निरोपाची वाट पाहत असतं. आर्पेजिएटरचं गेट म्हणजे हा दुसरा निरोप कधी धाडायचा, एवढंच. आणि तो निरोप वाटेत हरवला तर? एका लग्नाच्या कार्यक्रमात माझी मिडीची केबल खिळखिळी झाली होती, आणि 'चालू' पोचलं, 'बंद' पोचलंच नाही. पंचमाचा एक सूर अडकून राहिला. गाणं संपलं, निवेदक बोलायला लागला, नवरानवरी स्टेजवर आली, तरी तो पंचम हॉलभर तसाच. शेवटी वीज काढली. त्या दिवसापासून सगळे सूर एकदम बंद करणारा निरोप पाठवण्याचं बटण कुठे आहे हे मी प्रत्येक यंत्रावर आधी शोधतो आणि जास्तीची केबल सोबत ठेवतो.

पुढे मी पुण्यात स्टुडिओची कामं घेऊ लागलो. मालिकांचं पार्श्वसंगीत, जाहिराती, भावगीतांचे अल्बम. तिथे गेटचा आणखी एक उपयोग कळला. एका भावगीताखाली मी फार हळुवार आर्पेजिओ दिला होता, गेट पंच्याऐंशी, ऐकायला मखमलीसारखा. गायिकाबाई दोनदा गाऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सुंदर आहे, पण माझे शब्द कुठे गेले?" रेकॉर्डिस्टनं त्यांचा आवाज वाढवून पाहिला, माझा कमी करून पाहिला. शब्द येईनात. मग मी गेट पंचेचाळीसवर आणलं, आवाज मात्र होता तितकाच ठेवला. शब्द लगेच वर आले. मराठीत गाताना 'च', 'स', 'क', 'त' ही व्यंजनं क्षणभराची असतात, आणि ऐकणाऱ्याला शब्द ओळखायला तेवढा क्षण पुरतो. तो क्षण माझ्या सुराच्या शेपटानं भरला की शब्द बुडतो. गायिकाबाई शेवटी एखादा आकार लांब धरायच्या, तिथे मी नॉब पुन्हा उघडत नेला. शब्द संपलेले असल्यामुळे माझ्या सुरांना तिथे एकमेकांत मिसळायची मोकळीक होती. संपूर्ण गाणं मी उजव्या हातानं कॉर्ड आणि डाव्या हातानं गेट असं वाजवलं. आजवरच्या माझ्या कामात मला सगळ्यात आवडतं ते हेच. ऐकणाऱ्याला तिथे आर्पेजिएटर आहे हे कळतही नाही.

मी मामांकडे परत गेलो ते २००८ मध्ये. एव्हाना मला उमगलं होतं की सगळ्या सुरांना एकच गेट देणं हेच मुळात चुकीचं. तबल्यात, ढोलकीत प्रत्येक बोल सारख्या लांबीचा कुठे असतो? धा खुला, दोन्ही हातांचा, घुमणारा. क बंद, तळहाताची थाप, तिथल्या तिथे मेलेला. ना चाटेचा, टणक. खुले आणि बंद बोल एकमेकांशेजारी येतात म्हणून ठेका चालतो. सगळेच खुले असते तर नुसता घुमारा झाला असता. ट्रायटनमध्ये स्वतःचा पॅटर्न रचता येतो आणि त्यातल्या प्रत्येक पायरीला वेगळं गेट देता येतं. मी आठ पायऱ्या घेतल्या. धा गे ना ती, न क धि न. साधा कहरवा.

मामांच्या घरी, कवठेमहांकाळच्या बाजूला, आम्ही दोन दिवस बसलो. मी कीबोर्ड पाटावर ठेवला, ते समोर ढोलकी घेऊन. मी सुरुवातीला धाला ऐंशी आणि बाकी सगळ्यांना चाळीस असं लावलं होतं. मामांनी एकदा ऐकलं आणि मान हलवली. मग ते एकेक बोल हातानं वाजवून दाखवायचे आणि मी आकडा बदलायचो. धा नव्वदवर गेला. गे साठ. ना, ती आणि न पस्तीस. धि ऐंशी. आकडे त्यांना कळत नव्हते आणि त्यांनी विचारलेही नाहीत. ते डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, "जरा धर", किंवा "सोड लवकर".

क वर फार वेळ गेला. मी पंचवीस ठेवला होता. "तोड," मामा म्हणाले. वीस केला. "अजून तोड." पंधरा. त्यांनी ढोलकीवर हात आपटून तिथेच दाबून धरला, आवाज खोलीत शिरायच्या आत संपला. "असा. क ला जीव न्हाई द्यायचा, म्हणून धि ला येतो." मी दहा केला. त्यांनी ढोलकी उचलली आणि वाजवायला लागले. अर्धा तास आम्ही थांबलो नाही. पहिल्यांदाच माझा आर्पेजिओ त्यांच्या चाटेवर बसत नव्हता. तो बोलांच्या मधून चालत होता, त्यांनी सोडलेल्या जागेत शिरत होता आणि वेळेत बाहेर पडत होता. मामी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

आता मी मिरजेत मुलांना कीबोर्ड शिकवतो. त्यांच्यापैकी बहुतेकांकडे लॅपटॉप आहे. पडद्यावर प्रत्येक सूर एका पट्टीसारखा दिसतो, तिचं उजवं टोक माउसनं धरून मागेपुढे ओढता येतं. सोय उत्तम आहे, मीही वापरतो. पण पट्ट्या डोळ्यांना सारख्या दिसाव्यात म्हणून मुलं त्या एका मापाच्या करून टाकतात, आणि मग सांगतात की वाजतंय बरोबर पण हलत नाही. मी त्यांना पडदा झाकायला लावतो. बाबांची पेटी अजून घरात आहे. पहिले पंधरा दिवस प्रत्येक जण त्या पेटीवर चार सुरांचा एकच अलंकार वाजवतो आणि मी फक्त त्याचं उचलणारं बोट बघतो. नंतर आर्पेजिएटर लावून तोच अलंकार, डोळे मिटून, गेट शंभरावरून खाली. तुमच्याकडे कुठलाही कीबोर्ड असला, मोबाइलवरचं फुकटचं ॲप असलं, तरी हे एकदा करून बघा. कुठल्या आकड्याला तुमचा पाय हलला ते लिहून ठेवा आणि उद्या वेगळ्या पॅचवर पुन्हा पाहा. तो आकडा बदललेला असेल.

मामा २०१६ मध्ये गेले. माझ्या ट्रायटनला फ्लॉपीची फट आहे. त्यांच्या घरी रचलेला पॅटर्न मी तेव्हाच फ्लॉपीवर उतरवून वर पेनानं 'मामा' असं लिहिलं होतं. कार्यक्रमाच्या दिवशी यंत्र सुरू केलं की आधी ती फ्लॉपी आत जाते. इतर पायऱ्यांचे आकडे मी गाण्यानुसार बदलतो. सहाव्या पायरीचं गेट अजून दहाच आहे.